काचेपलीकडची हवा

एकाच बंद मोटारीत दोन माणसं बसली असतील, तर त्यांची हवा दोन असू शकते का? हसू नका, विचार करून सांगा. छप्पर एक, इंजिन एक, रस्ता एक, आणि हवा दोन. मी अशी गाडी पाहिली आहे. तिच्या मागच्या सीटवर बसलो आहे आणि पुढच्याही. दोन्ही सीटमध्ये हातभर अंतर नव्हतं.

चैत्र उतरू लागला की ती गाडी आठवते. कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहोर रस्त्यावर सांडतो, दुपारी अकरानंतर वाशीमचा बाजार पाठ फिरवून झोपतो, आणि गरम वाऱ्याला एक वास येतो: तापलेल्या पत्र्याचा, धुळीचा, थोडा रबराचा. हल्ली मी बर्फाच्या कारखान्यात यंत्र सांभाळतो. आत लाद्या गोठतात आणि भिंतीबाहेर, माझ्या खोलीच्या खिडकीशेजारी, नळ्यांची जाळी दिवसभर गरम श्वास टाकत असते. गावाला वाटतं, मी गारव्यात राहतो. मी त्या गारव्याच्या पाठीमागे राहतो.

अकोल्याला आयटीआयमध्ये आमचे मास्तर पहिल्याच तासाला म्हणाले होते, "पोरांनो, थंडी तयार करता येत नाही. उष्णता इथून उचलायची आणि तिकडे टाकायची, एवढंच आपलं काम." बाकीच्या मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही, कारण मी दुसऱ्याच विचारात पडलो होतो. तिकडे म्हणजे कुठे? तिकडे कोण बसलेलं असतं?

हा खोडसाळ प्रश्न मला पत्रकांनी शिकवला. आसेगावच्या आमच्या घरात पुस्तक नव्हतं. घरानं धम्म स्वीकारल्यापासून वडील दूरदूरच्या सभांना जात आणि येताना पत्रकं आणत. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची. शाई बोटाला लागायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पाटीवर 'कमळ' लिहायच्या वयात मी 'बंधूंनो, जागे व्हा' लिहीत होतो. त्यामुळे झालं असं की अजून साधी चिठ्ठी लिहिली तरी ती जाहीर आवाहनासारखी होते. आईला एकदा परीक्षेच्या निकालाचं पत्र पाठवलं, तर शेजाऱ्याकडून वाचून घेतल्यावर ती म्हणाली होती, "पास झाला का मोर्चा नेला?"

कोर्स संपला आणि मी रिसोडला करीम उस्तादांच्या मोटार गॅरेजात लागलो. वाहनं थंड करणारी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, तालुक्यात एकटा. आता हसायला हरकत नाही. जीपा होत्या, ट्रक होते, एसटीच्या गाड्या होत्या. त्यांना थंड करायचं म्हणजे रेडिएटरमध्ये बादलीभर पाणी ओतायचं. माझी दाब मोजायची दोन घड्याळं आणि गळती शोधायचा छोटा दिवा खिळ्याला टांगून होते. उस्ताद जाता-येता त्यांच्याकडे बघत आणि म्हणत, "बेटा, तुह्यी दुकान काश्मीरले लावाले पाह्यजे होती."

"काश्मीरला कशाला लागेल, उस्ताद?"

"मंग रिसोडले तरी कायले लागते?"

मी गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायचो. एक खाट, एक स्टोव्ह, पत्रकांचा गठ्ठा. भाकर-ठेचा खाताना समोर भिंत. एक माणूस किती दिवस स्वतःशी बोलू शकतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. अठ्ठावीस दिवस. मग मी बोलणंही बंद केलं. पान्ह्यांचा, घणाचा, दुरून येणाऱ्या जिनिंगच्या घरघरीचा आवाज ऐकत बसायचो आणि आपण ज्या विद्येसाठी आईच्या हातातल्या पाटल्या मोडल्या, तिला या मुलखात एकही गिऱ्हाईक नाही, या विचारावर पुन्हा पुन्हा येऊन थांबायचो.

खरं तर एक गिऱ्हाईक होतं.

कापसाच्या जिनवाल्या मालकांची गाडी. मुंबईहून जुनी विकत आणलेली लांबलचक विलायती गाडी, गडद हिरवी, नावेसारखी. तिच्यात थंड हवेचं यंत्र होतं. रिसोडमध्ये ते ऐकून माहीत होतं. अंगावर घेतलेलं कुणीच नव्हतं, कारण मालकांनाही आता तो गारवा मिळत नव्हता. यंत्र चालायचं, घरघरायचं, पेट्रोल प्यायचं, आणि मालक घामानं निथळत उतरायचे. दोनदा अकोल्याहून गॅस भरून आणला होता. दोन-चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

गाडी चालवायचे श्रावणमामा. माझे सख्खे मामा नव्हेत; आसेगावचेच, आमच्याच वस्तीतले, म्हणून मामा. पन्नाशीचा, काटक, पांढरा सदरा घालणारा माणूस. संध्याकाळी मालकांना घरी सोडलं की ते गाडी धुवायला गॅरेजच्या हापशीवर यायचे. माझ्या एकटेपणाला पडलेलं ते एकच दार. मी पायरीवर बसून त्यांना माझी पत्रकं वाचून दाखवायचो आणि ते टायर घासता घासता ऐकायचे.

"हे वाक्य लंबं झालं," ते मान न वळवता म्हणायचे. "एवढ्यात त टायर धुवून झालं."

"मामा, विचार मोठा आहे."

"असन. पन ऐकनारा उभा राह्यते ना."

मी वाक्य तोडायचो. ते कैरी फोडायचे, मीठ लावून अर्धी माझ्या हातावर ठेवायचे. त्या आंबलेल्या दातांची आठवण अजून जबड्यात आहे.

एका सकाळी मालक स्वतः गॅरेजात आले. मागे श्रावणमामा, हात बांधून.

"तूच का तो गॅसवाला?" मालकांनी मला विचारलं. आवाज सभ्य होता, चढा नव्हता. "दोन डाव गॅस भरला. जाते कुठीसा? गॅस काही आपल्या पायानं चालत जात नाही. कोनी तरी सोडते, नाहीतर कोनी तरी इकते." मामांकडे न बघता ते बोलत होते, तरी सगळ्यांना कळत होतं. "लगीनसराई हाय, मले रोज गावं कराची हायेत. आठ दिवसांत दोष काढ. गाडीचा असला त गाडी दुरुस्त कर. मानसाचा असला त मानूस बदलतो."

मालक गेल्यावर मामा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "पोरगी मॅट्रिकच्या वर्गात हाय रे. वाशीमले, होस्टेलात. पुढच्या सालाची परीक्षा होऊ दे, मंग बदला म्हनाव मानूस."

म्हणजे आठ दिवसांत मला गाडीचा दोष शोधायचा होता, आणि तो गाडीचाच निघायला हवा होता.

माझ्या हाताला किती दिवसांनी काम आलं होतं! घड्याळं जोडली. दोन्ही दाब ठीक. गॅस भरपूर होता. मामांवरचा पहिला आरोप तिथंच खोटा ठरला. तरी खात्रीसाठी दिवा पेटवला. त्या दिव्याची ज्योत निळी असते, आणि गळणाऱ्या गॅसचा नुसता वास लागला तरी ती हिरवी होते. मी दिव्याची रबरी नळी एकेका जोडावरून फिरवली, सापाच्या अंगावरून फिरवावी तशी हळू. सकाळ गेली. ज्योत निळीच राहिली. अंधाऱ्या शेडमध्ये ती एवढीशी निळी ज्योत आणि मी. आपण काही तरी आहोत, असं मला त्या सकाळी वाटलं.

मग पुढची जाळी उघडली आणि ओरडलोच. रेडिएटरच्या पुढे यंत्राची नळ्यांची जाळी असते. उचललेली उष्णता तिथून बाहेर पडते. तिच्यावर कापसाच्या तुसाची गादी बसली होती. गाडी रोज जिनात उभी राहायची, आणि जिनातल्या हवेत पाण्यापेक्षा कापूस जास्त. वर पुन्हा दर अमावास्येला गाडीपुढे फोडलेल्या नारळाचं पाणी आणि हळद-कुंकू. त्या चिकट लगद्यात कापूस असा रुतला होता की यंत्रावर गोधडी पांघरल्यासारखं झालं होतं. मी दिवसभर ब्रशानं एकेक पट्टी मोकळी केली. मामांनी साबणाचं पाणी ओतलं. गाडी सुरू केली. मागची हवा थोडी गार झाली.

"झालं!" मी म्हणालो.

दोन दिवसांनी मालकांचा निरोप आला. झालं नव्हतं. गावात फिरताना बरं, पण लांब रस्त्याला लागलं की तसंच.

तुम्हाला काचेबद्दल सांगायचं राहिलं. पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये एक जाड काच होती, छतापर्यंत. काचेखाली फळी, तळापर्यंत. कडांना नमदा, जाड लोकरी पट्टी, ठोकलेला, फट राहू नये म्हणून. गाडी मुंबईहून आली तेव्हा ती नव्हती. मालकांनी इथं सुताराकडून बसवून घेतली. सांगत असत की ड्रायव्हरच्या बिडीचा वास मागे येतो. श्रावणमामांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. हे मालकांनाही माहीत होतं, सुतारालाही, आणि मलाही. वास कशाचा, हे कुणी उच्चारत नव्हतं, आणि न उच्चारता ते सगळ्या रिसोडला समजत होतं.

पाचव्या दिवशी आम्ही गाडी लांब रस्त्यावर नेऊन बघायचं ठरवलं. दुपारी एकला निघालो, शिरपूरपर्यंत. मी मागे, मामा पुढे. मांडीवर थर्मामीटर. मागची सीट मऊ, मखमलीची, आणि मी तिच्यावर आखडून बसलेला. मामांनी आरशातून पाहिलं आणि काचेपलीकडून हात जोडले, 'चला मालक' म्हणत असावेत. ऐकू काही येत नव्हतं. त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. मी ऐटीत दोन बोटांनी 'चला' केलं. ते हसले. त्यांचे खांदे हलले, हसण्याचा आवाज मात्र माझ्यापर्यंत आला नाही. इतक्या जवळ बसलेल्या माणसाचं हसू ऐकू येऊ नये, याची मला त्या क्षणी एकदम भीती वाटली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, भेगाळलेली. बांधावर पऱ्हाटीचे, वाळल्या कपाशीचे, भारे. दूरवर उन्हाचं पाणी हलतंय. रिसोड मागे पडलं तसा मागचा गारवा विरत गेला. पारा चढू लागला. आणि मी पाहिलं, मामांनी आपल्या बाजूची खिडकी खाली केली. सदरा पाठीला चिकटून कातडीसारखा झाला होता.

शिरपूरला देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची गर्दी होती. एवढी मोठी गाडी थांबली म्हणून एका म्हाताऱ्यानं मागचं दार उघडून मला वाकून नमस्कार केला. "या साहेब."

मामा पुढून उतरत म्हणाले, "घे, तुहं राज्य आलं. पत्रक वाट."

आम्ही निंबाच्या सावलीत बसलो. मामांनी भाकर सोडली. मी थर्मामीटर पुढच्या सीटवर ठेवून आलो. पाच मिनिटांनी पाहिलं तर पारा नळीच्या टोकाला भिडलेला. मी चिडून म्हणालो, "पुढं भट्टी आहे, मामा! आणि मागंही गार होत नाही. मग हे यंत्र गारवा नेतं तरी कुठं?"

मामा भाकर चावत होते. म्हणाले, "मले यंत्राचं समजत नाही. पन सीटखाली वारं ओढते."

"काय?"

"पायाशी. मांगच्या साली माहा रुमाल पडला, तो सरकत सरकत सीटखाली गेला. मले वाटलं उंदीर हाय. हात घातला त रुमाल एका नळीच्या तोंडाले चिकटेल."

मी तसाच उठलो. गाडी चालू ठेवून पुढच्या सीटखाली, पायपुसण्यामागे हात घातला. पत्र्याची रुंद नळी होती, फळीखालून थेट मागे डिकीत गेलेली. मामांचा गमछा तिच्याजवळ धरला. टोक थरथरलं आणि आत ओढलं गेलं.

सगळं एका क्षणात उलगडलं. यंत्र डिकीत होतं. थंड हवा डिकीलगतच्या मागच्या काचेजवळून सुटायची आणि परतीची हवा यंत्र पुढच्या सीटखालून ओढायचं. बसवणाऱ्यानं शहाणपणानं बसवलं होतं: हवा मागून निघावी, मालकाच्या अंगावरून जावी, ड्रायव्हरला गारवा द्यावा आणि परत यावी. फिरत राहील तर थोडी थोडी गार होत जाईल. मग मध्ये काच आली. मागची हवा मागे कोंडली, पुढे इंजिनाची धग. ड्रायव्हरचा जीव गुदमरला की तो खिडकी उघडणार, उघड्या खिडकीतून बाहेरची गरम लू आत येणार, आणि तीच लू यंत्र सीटखालून ओढून मालकाकडे पाठवणार. ज्याच्यापासून हवा वाचवली, त्याचाच ताप फिरून मालकाच्या अंगावर येत होता.

"मामा, हे तुम्हाला वर्षभर माहीत होतं! सांगितलं काहून नाही?"

"कोनाले? मले इचारलं कोनी?"

मी आनंदानं वेडा झालो होतो. एवढा नेमका, एवढा न्याय्य दोष कुठल्या यंत्रात कुणाला सापडला असेल! मी तिथंच, निंबाखाली, उभा राहून बोलायला लागलो. काच काढायलाच लावू. विज्ञान आपल्या बाजूनं आहे. हवेला जात नाही. मामा ऐकत होते. माझा श्वास संपल्यावर म्हणाले, "भाषन झालं असन त पानी देय."

पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं. मग हळू, माझ्याकडे बघून बोलले. "ऐक. काचेचं नको काढू. खिडकीचंही नको. नळी फळीच्या मांगंच तोडून टाक, तिचं तोंड मालकाच्या पायाशी कर. त्याची हवा तो घेईन. माह्यी खिडकी मी उघडीन. त्याले ठंडी, मले नोकरी."

"आणि तुम्ही असेच भाजत राहाल?"

"पोरगी मॅट्रिक होऊ दे. मंग मी सोता फोडतो काच. सबल तू आनजो."

ते काम अर्ध्या दिवसाचं होतं. पत्र्याची कात्री, चार रिबिटा. आजही डोळे मिटले की त्या नळीवर कुठं कापायला हवं होतं, ती जागा मला दिसते.

मी कापली नाही. त्या काचेला आणखी मजबूत करायला माझी विद्या वापरू? माझ्या हातानं दोन हवा पक्क्या करू? परतीच्या वाटेवर मी पुढे बसलो, मामांच्या शेजारी, भट्टीत. आणि मनात वाक्यं जुळवत राहिलो. मामा काही तरी सांगत होते, पोरीच्या भूमितीबद्दल. मी ऐकलं नाही. मध्ये काच नव्हती, तरी ऐकलं नाही.

गॅरेजात उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि मामांचंच वाक्य म्हणाले. "नळी तोड. खतम."

"पण चूक काचेची आहे, उस्ताद."

"आपन गाडीचे मिस्त्री हाव का गावाचे?"

"दोन्हीचे. मी मालकांना लेखी अहवाल देतो."

उस्तादांनी हात पुसले. "श्रावणले इचारलं का, लिहू म्हून?"

"त्यांच्यासाठीच तर लिहितोय!"

आठव्या दिवशी मी जिनात गेलो. हवेत कापूस तरंगत होता, हमालांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मालक वजनकाट्याशेजारी बाजेवर बसले होते. मामा गाडीजवळ उभे. मी अहवालाची घडी उलगडून मोठ्यानं वाचलं. मला हमालांनीही ऐकायला हवं होतं. "दोष गॅसमध्ये नाही. दोष यंत्रात नाही. दोष काचेत आहे. काचेमुळे पुढील भागात उष्णता कोंडते. चालकास खिडकी उघडणे भाग पडते. त्या खिडकीतून येणारी तप्त हवाच यंत्र ओढते आणि..."

"थांब," मालक म्हणाले. रागानं नाही. "म्हंजे खिडकी उघडी राह्यते?"

"हो, पण कारण..."

"श्रावण, चालत्या गाडीत खिडकी उघडतू तू?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मालकांकडे. "हो मालक. जीव घाबरते."

"बस," मालक म्हणाले. "मी म्हनतच होतो, मानसाचा दोष हाय." आणि मला म्हणाले, "हुशार हायेस तू. शिकेल पोरगा हाय."

माझ्या हातातल्या कागदावर अजून अर्धं पान उरलं होतं. ते मी वाचलं. समतेबद्दल होतं. मालक उठून गेले होते, हमाल पुन्हा गाठी उचलायला लागले होते, आणि मी वाचत होतो.

मामांनी किल्ल्या काट्याजवळच्या खिळ्याला लावल्या. गाडीतून आपला गमछा घेतला आणि सवयीनं त्याच गमछ्यानं मधली काच पुसली. एकदा मागून, एकदा पुढून. मग स्टँडकडे चालत गेले. मी पोचलो तेव्हा आमच्या गावाकडे जाणारी मंगरूळची गाडी सुटत होती. मामा खिडकीशी बसले होते. त्यांनी खिडकीची काच सरकवून उघडली आणि डोळे मिटून घेतले. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नसेल, असं मी चार वर्षं स्वतःला सांगतो आहे.

पुढच्याच आठवड्यात हिरवी गाडी हापशीवर आली. नवा ड्रायव्हर मालकांच्या बहिणीचा मुलगा होता. त्याच्या कानावर बिडी होती. आणि गाडीत काच नव्हती. फळी नव्हती, नमदा नव्हता. फक्त चार खिळ्यांची भोकं. "मामा म्हने, घरच्या मानसाले कायले उकडवता," तो हसत म्हणाला. त्याचे मामा म्हणजे मालक. मी थर्मामीटर पुढे ठेवला, मागे ठेवला. दोन्हीकडे गारवा सारखा. एवढी सुंदर, सगळीकडे फिरणारी हवा मी नंतर कुठल्याच गाडीत अनुभवली नाही.

माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं.

उस्ताद म्हणाले, "ले, पास झाला." मी घड्याळं पेटीत ठेवली. त्या उन्हाळ्यात हापशी संध्याकाळी रिकामी वाजायची. कुणी बादली भरून गेलं की थेंब पडत राहायचे आणि मी पायरीवर बसून ते मोजायचो. वाक्य लांब झालं हे सांगणारं कुणी नव्हतं. मी लांब लांब वाक्यं लिहिली. सगळी खरी होती. एकही मोठ्यानं वाचली नाही.

दोन वर्षांनी आसेगावला मामा भेटले. कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर रोजानं जात होते. डोक्यावर छप्पर नाही, अंगावर मातीचा थर. "इथं हवाच हवा हाय," ते म्हणाले. नोकरी गेली त्याच वर्षी पोरीचं होस्टेल सुटलं होतं. एक साल तिनं तुरीच्या वावरात घालवलं, मग वाशीमला चुलत्याकडे राहून परीक्षा दिली. नुकतीच पास झाली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं. तीही, सवयीनं, लांबच होत गेली. त्यांनी हात वर केला.

"तू खोटं नाही बोलला. पन ते माह्या तोंडातून निंघाले पाह्यजे होतं. माह्या वक्तानं." मग ट्रॅक्टर सुरू करता करता म्हणाले, "आन् त्या शेवटच्या अर्ध्या पानाची काई जरूरत नव्हती."

काच चूकच होती. ते मी आजही मागे घेत नाही, उद्याही घेणार नाही. पत्रकांनी मला जे शिकवलं ते खरंच शिकवलं. पण उन्हाळा आला, नळ्यांची जाळी खिडकीशी गरम श्वास टाकू लागली की मला तो निंब दिसतो. भाकर चावणारा माणूस दिसतो, ज्याला यंत्राचा दोष माझ्याआधी वर्षभर माहीत होता, उपायही माहीत होता, वेळही ठरलेली होती. आणि समोर त्याच्यासाठी लढायला उतावीळ झालेला एक जण उभा आहे, ज्याला त्याचं बोलणं पाणी मागण्यापुरतं ऐकू आलं.

आता इथं बर्फाच्या लाद्या पाठीवर वाहणाऱ्या हमालांसाठी मी एक पत्रक लिहितो आहे. ओल्या गोणपाटाखाली त्यांची पाठ गोठते आणि पाय तापलेल्या डांबरावर असतात. गेल्या आठवड्यात कच्चा मजकूर घेऊन मी त्यांच्यात जाऊन बसलो. त्यांनी माझी दोन वाक्यं खोडायला लावली, एक स्वतःचं घातलं, आणि म्हणाले, "सध्या थांब. लगीनसराई संपू दे." मी थांबलो आहे. थांबणं मला जमत नाही. पण थांबलो आहे.

तुम्हाला एकच विनंती. या उन्हाळ्यात एसटीत, जीपमध्ये, कुणाच्या मोटारीत, कुठेही बसाल तेव्हा उतरण्याआधी गाडी चालवणाऱ्याला विचारा, "तुमच्यापर्यंत हवा येते का?" 'येते' म्हणाला तरी त्याच्या जागी मिनिटभर बसून बघा. आणि येत नसेल, तर लगेच कागद-पेन काढू नका. खाली उतरा, त्याला पाणी द्या, आणि काय करायचं ते आधी त्यालाच विचारा.